नावेतली पंगत

बौधायनाच्या धर्मसूत्रात माणसाला पतित करणाऱ्या कर्मांची एक यादी आहे. ब्राह्मणाची ठेव बुडवणं, जमिनीच्या वादात खोटं बोलणं, मिळेल तो माल विकत सुटणं अशी कर्मं तिच्यात आहेत. पण पहिला मान समुद्रप्रवासाचा. ठेव बुडवणारा दुसरा, बोटीत बसणारा पहिला.

आमच्या नातीनं यंदा रत्नागिरीच्या कॉलेजात एनसीसीच्या नौदल विभागात नाव घातलं, तेव्हा पालकाच्या संमतिपत्रावर सही माझी लागली. तिचे आईवडील नोकरीपायी पुण्याला. शाळेपासून ती पोफळीत आमच्याकडेच. मी पोफळीच्या वीजगृहात ऑपरेटर म्हणून उभी हयात काढली, पण घराणं भिक्षुकीचं. शिरगावपासून कुंभार्ली घाटाच्या पायथ्यापर्यंत वडिलांचे यजमान पसरलेले. त्यांचा धर्मसिंधु हा शास्त्रग्रंथ अजून घरात आहे, लाल फडक्यात बांधलेला. सहीआधी तो एकदा उघडावा असं मनात आलं. नात म्हणाली, "आजोबा, फॉर्म सोमवारी द्यायचाय. शास्त्रार्थ नंतर करा." मी सही करून टाकली. शास्त्रार्थ नंतर केला, तो हा.

कोणी म्हणेल, हा प्रश्न आता उरलाय कुठं? पोफळी-अलोऱ्यातली निम्मी घरं दुबई, मस्कत नाहीतर अमेरिकेची वाट धरून बसलेली; कोणाच्या घरी प्रायश्चित्त घेतात? खरं आहे. पण आपण तो नियम विचार करून सोडलेला नाही. पगार बरा मिळायला लागला, नियम आपोआप गळून पडला. सोयीनं सुटलेला नियम गैरसोय झाली की परत येऊन बसतो, दुसऱ्या नावानं, दुसऱ्या माणसाच्या वाट्याला. म्हणून तो एकदा नीट हातात घेऊन पाहावा, इतकंच.

पहिली गोष्ट अशी की शास्त्र याबाबतीत काळागणिक कडक होत गेलं. बौधायन समुद्रप्रवाशाला पतित ठरवतो, पण परतीची वाट ठेवतो. जेवणाच्या दर चौथ्या वेळीच थोडं खायचं, तीन वेळा स्नान करायचं, दिवसा उभं राहायचं आणि रात्री बसून काढायची. तीन वर्षांत पाप फिटतं. मनुस्मृतीत समुद्रावर जाणारा श्राद्धाच्या पंगतीला चालत नाही; आग लावणारा आणि विष घालणारा यांच्या ओळीत त्याला बसवलंय. गंमत म्हणजे त्याच मनुस्मृतीत व्याजाचा दर ठरवताना समुद्रप्रवासात मुरलेल्या माणसांचा शब्द प्रमाण धरावा असंही सांगितलंय. त्याची अक्कल चालते, पान चालत नाही. पुढे कलिवर्ज्यांचं प्रकरण आलं, म्हणजे पूर्वी चालत असलेल्या पण कलियुगात बंद केलेल्या गोष्टी. त्यात समुद्रावर गेलेल्या द्विजाला प्रायश्चित्त झाल्यावरही व्यवहारात घेऊ नये असं ठरलं. बौधायनानं उघडं ठेवलेलं दारही लागलं.

हा सगळा इतिहास ज्यांनी मुळापासून उकलून ठेवला ते भारतरत्न पांडुरंग वामन काणे आमच्या चिपळूणशेजारच्या पेढ्याचे. १८८० साली तिथे त्यांचा जन्म झाला. वर डोंगरावर परशुरामाचं देऊळ. ज्या देवानं बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण वर काढलं असं आपण मानतो, तो हा देव. परशुरामानं समुद्र हटवला, ओलांडला नाही, असं वडील म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. काण्यांनी मात्र कलिवर्ज्यांची यादी कलमवार मांडली आणि प्राच्यविद्येच्या परिषदांना पॅरिस, इस्तंबूल, केंब्रिजला जाऊनही आले.

आता मुद्दा हा की शास्त्रकारांना समुद्राची भीती कसली होती? बुडण्याची म्हणावी, तर वाशिष्ठीच्या पुरातही माणूस बुडतो आणि ती ओलांडायला कोणी बंदी घातली नाही. परमुलखाची म्हणावी, तर घोड्यावर बसून अटकेपार गेलेल्यांना इतकं छळलेलं दिसत नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. निघण्याआधी श्रीरामपूरच्या सभेत त्यांना सांगावं लागलं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. त्या काळातले परदेशगमनाचे वाद वाचले की भांडण फिरून फिरून ताटावर येतं. काय खाल्लं, कोणी रांधलं, पाणी कोणाच्या हातचं, शेजारी कोण बसलं होतं. मला वाटतं, गोम तिथंच आहे. जमिनीवर सोवळं पाळता येतं, कारण जमिनीवर जागा आहे. चूल वेगळी मांडता येते, विहीर वेगळी खणता येते, पंगत दुसऱ्या ओसरीवर बसवता येते. नावेत ओसरी एकच. पाण्याचं पिंप एक, चूल एक, आणि कोणाला उठून जायचं म्हटलं तर जायला जागा नाही. शास्त्रकारांनी समुद्राला नाव ठेवलं, पण धास्ती घेतली ती नावेची.

आणि ही बंदी कोणाला होती तेही पाहावं. कोळी, खारवी, भंडारी, दालदी, गोवळकोट-काळुस्त्याकडचे मुसलमान खलाशी यांना कोणी समुद्रावर जाऊ नका म्हणालं नाही. त्यांनी गेलंच पाहिजे होतं. पंगतीत वाढायचं मीठ आणि देवापुढचं खारकेचं ताट त्यांच्याच गलबतांतून येत होतं. शिवाजी महाराज १६६५ साली बसरूरच्या स्वारीला स्वतः आरमार घेऊन गेले. त्यांच्या आरमारात मायनाक भंडारी होता, दौलतखान होता. राज्य राखायचं तर एका नावेत बसावं लागतं, हे ज्याला राज्य राखायचं होतं त्याला समजलं. आपण नारळी पौर्णिमेला काठावर उभं राहून नारळ सोडणारे. सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत हिंदू समाजाच्या पायातल्या सात बेड्या मोजल्या, त्यांत सिंधुबंदी होती आणि रोटीबंदीही. या दोन वेगळ्या बेड्या नव्हेत, एकाच बेडीच्या दोन कड्या आहेत, असं मला आता वाटतं.

वडिलांचा धर्मसिंधु मी बांधून ठेवला आणि त्याहून जुनं काय सांगतं ते पाहिलं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठाची वरुणाला घातलेली सूक्तं आहेत. एकात वसिष्ठ वरुणाला जुन्या मैत्रीची आठवण देतो: आपण दोघं नावेत चढलो होतो, भर समुद्रात गेलो होतो, लाटांवर झोपाळ्यासारखे झुललो होतो. आणि पुढे म्हटलंय की वरुणानं वसिष्ठाला नावेत बसवलं आणि तिथं त्याला ऋषी केलं. मी हे दोनदा वाचलं, भाषांतर ताडून पाहिलं. एक शास्त्र म्हणतं, नावेत बसलास, पतित झालास. त्याच्या आधीची श्रुती म्हणते, नावेत बसवलं आणि ऋषी केलं. श्रुती आणि स्मृती यांत विरोध आला तर श्रुती बलवान, हे आमच्यात मुंजीच्या मुलालाही शिकवतात. माझ्या दृष्टीनं शास्त्रार्थाचा निकाल तिथंच लागला.

पण निकाल लागला म्हणून प्रश्न संपत नाही. नावेत बसून वसिष्ठ ऋषी झाला तो कशामुळे? नुसतं बसल्यामुळे नक्कीच नाही. नाहीतर मांडवा-गेटवे लाँचमधले सगळे उतारू ऋषी व्हायचे.

नातीच्या पहिल्या शिबिरानंतरची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत आली ती हाताच्या तळव्यांना फोड घेऊन. एनसीसीच्या या विभागात व्हेलर नावाची बोट असते, सत्तावीस फुटी. पाच जणांच्या हाती पाच वल्ही आणि मागे सुकाणूवर एक. ती म्हणाली, "जोर लावायचा नसतो आजोबा. मी जोर लावत होते म्हणून माझं वल्हं पुढचीच्या वल्ह्यावर आपटायचं." मग जोर असलेल्यानं काय करायचं? "सगळ्यांत हळू जिचा हात चालतो तिच्याशी जुळवून घ्यायचं. पाचही पाती एकदम पाण्यात, एकदम बाहेर." हे सांगताना ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, दोन लाटणी घेऊन मला करून दाखवत होती. पाठ ताठ, मनगट वाकडं, पातं पाण्याबाहेर आलं की आडवं करायचं म्हणजे वारा लागत नाही. तिची आजी म्हणाली, "पोळ्या लाटताना हे जुळवून घेतलंस तर बरं होईल." मग मुख्य प्रश्न: "जेवायला काय देतात गो?" मेसमध्ये सगळ्यांना एकच जेवण, आपापली थाळी आपण धुवायची. अंड्याच्या दिवशी ती अंडं खात नाही, शेजारणीला देते आणि तिच्या वाटणीचं केळं घेते. आजीनं यावर भांड्यांचा जरा जास्त आवाज केला.

मी मात्र दिनक्रम ऐकत होतो. पहाटे उठायचं. उजाडताच कवायत, म्हणजे दिवसाचा बराच भाग उभं. रात्री आळीपाळीनं पहारा, म्हणजे रात्र बसून. जेवण ठरल्या वेळी, मिळेल तेवढं. आणि कॉलेजातलं हे शिक्षण तीन वर्षांचं. बौधायनाचं प्रायश्चित्त मी वर सांगितलंच आहे: दिवसा उभं, रात्री बसून, मोजकं अन्न, तीन वर्षं. त्या ऋषीनं समुद्रावरून आलेल्या माणसाला जी शिक्षा ठरवली, तीच या पोरी समुद्रावर जाण्याआधी आपणहून घेतात. पाप धुऊन काढणारं तप आणि माणूस घडवणारं तप यांचा दिनक्रम इतका जुळावा, यात नवल नाही. दोन्हींत करायचं एकच असतं. माझं-माझं म्हणणारा जो आत बसलेला असतो त्याला थकवायचं. फरक एवढाच, की प्रायश्चित्त एकट्यानं घ्यायचं आणि त्याच्या शेवटी पुन्हा जुन्या पंगतीत जागा मिळवायची. या मुलींचं तप मुळात पाचजणींनी मिळून करायचं आहे. एकीचं वल्हं चुकलं की पाचजणी चुकल्या.

हे मला नवं नाही. पोफळीचं वीजगृह डोंगराच्या पोटात आहे. पहिला टप्पा १९६२ मध्ये सुरू झाला, दुसरा पुढे त्याच गुहेत आला. साडेचारशे मीटरांहून अधिक उंचीवरून पाणी येतं आणि पेल्टन चक्रांच्या वाट्यांवर आदळतं. आत दिवस-रात्र कळत नाही. रात्रपाळीला दर तासाला रीडिंग घेऊन लॉगबुकात लिहायचं, आणि मध्यरात्रीनंतर केव्हातरी डबे उघडायचे. भिक्षुकाचा मुलगा म्हणून सुरुवातीला मी टेबलाच्या कडेला बसत असे. यंत्राचा आवाज इतका की बोलायचं तर जवळ यावं लागे. जवळ आलं की डबाही जवळ येई. कोणाची सुकट, कोणाचं कुळथाचं पिठलं, माझी आमटी. सुकट मी कधी खाल्ली नाही, पण ती शेजारी असताना जेवायला शिकलो. वडिलांना मी हे सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. जमिनीच्या पोटातही ओसरी एकच होती.

त्या पाण्याचीही एक कथा आहे, ती धर्मवाल्यांनी ऐकावी. कोयना महाबळेश्वरात उगवते, हेळवाकला पूर्वेकडे वळते, कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तिच्या पाण्याच्या नशिबी बंगालचा उपसागर लिहिलेला. माणसानं धरण बांधलं, सह्याद्रीतून बोगदा काढला आणि ते पाणी पश्चिमेला वळवलं. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादानं वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी असं वळवायला मान्यता दिली. पोफळीत वीज करून ते कोळकेवाडीच्या धरणात जातं, अलोऱ्यात पुन्हा चक्रं फिरवतं, वाशिष्ठीत पडतं आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. एका नदीचा समुद्रच बदलला. धरणाखाली गावं गेली, देवळं गेली, माणसं मुळासकट उठून परमुलखात गेली. त्या वेळी कोणत्याही धर्मसभेनं प्रायश्चित्त सांगितलं नाही. उलट उद्घाटनाला पूजा घातली. कृष्णेचं पाणी समुद्र बदलून आलं तर ते तीर्थच राहतं, आणि माणूस समुद्रावर जाऊन आला तर विटाळतो, हे गणित कोणी मला समजावून द्यावं.

नातीच्या मनात हे बोटीचं खूळ कुठून शिरलं ते मला ठाऊक आहे. २२ जुलै २०२१. चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला तेव्हा ती माझ्या बहिणीकडे बाजारपेठेत होती. इमारतीचा तळमजला पाण्यात, या दोघी वर. वीज नाही, फोन नाही, प्यायला पाणी नाही. दोनच दिवसांपूर्वी आषाढी झालेली, चातुर्मास लागलेला. माझ्या बहिणीचा चातुर्मासात परान्न न घेण्याचा नेम. सासूपासून चालत आलेला, एकदाही न मोडलेला. दुसऱ्या दिवशी खिडकीखालून एक होडी आली. दोघं तरुण, मोहल्ल्यातले. पुराच्या आदल्या दिवशी बकरी ईद होऊन गेलेली. एकानं पाण्याच्या बाटल्या आणि कागदात बांधलेला भात वर धरला. बहीण काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "मावशी, साधा भात आहे. डाळ-भात. घ्या बिनधास्त."

बहिणीनं घेतला, पोरीला दिला, स्वतः खाल्ला. नेम मोडला का? मी तिला नंतर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्यानं माझा नेम माझ्याआधी सांभाळला. मग मोडला कसा?"

या उत्तराशी मी अजून थांबलेलो आहे. त्या मुलाला तिचं सोवळं पटत असेल असं नाही. पण पुरात वल्हं मारता मारता त्यानं समोरच्या बाईच्या मनातला प्रश्न ओळखला आणि तिच्यावर विचारण्याची वेळ येऊ दिली नाही. माझी पोर हे पाहत होती. तिच्या डोक्यात बसली ती होडी. पुढे कधीतरी ती म्हणाली की त्या दिवशी आम्ही दोघी खिडकीत बसून होतो आणि कोणीतरी आमच्याकडे येत होतं. मला पुढच्या वेळी खिडकीत बसायचं नाही.

इथवर मी नावेचं कौतुक केलं. एक शंका मात्र मला सोडत नाही, आणि ती सोवळ्याची नाही. नावेत एकाचा हुकूम चालतो. तो चालावाच लागतो. पाच वल्ह्यांनी मतदान करायचं म्हटलं तर खडकावर जातील. पण हुकूम पाळायची सवय लागलेला माणूस धर्म-अधर्म पाहणं हुकूम देणाऱ्यावर सोपवून मोकळा होतो, हे जगानं पुष्कळ पाहिलंय. शिस्त आणि दास्य बाहेरून सारखीच दिसतात. मग ओळखायची कशी?

नातीनं मला एक गाठ दाखवली. बोलाइन म्हणतात. दोराचा फास करून टोक खालून वर काढायचं, मूळ दोराला वळसा घालून परत त्याच छिद्रात. ती म्हणाली, ओढून पाहा. मी ओढली, सगळं वजन टाकलं. फास तेवढाच राहिला. पाण्यात पडलेल्याच्या काखेतून हा फास घालून त्याला वर ओढतात. सरकफास असता तर बरगड्या आवळल्या असत्या. आणि काम झालं की मागचा वळसा अंगठ्यानं रेटला, गाठ सुटली. वेदातला वरुण हातात पाश घेऊन उभा असतो. भक्त त्याला वरचा, मधला, खालचा पाश सैल कर म्हणून विनवतात. आपल्या नौदलाचं ब्रीदही त्याच वरुणानं आपलं कल्याण करावं अशी प्रार्थना आहे. पाश धरणाऱ्या देवाकडे कल्याण मागायचं, हे मला आधी विचित्र वाटायचं. आता वाटतं, मागणं एवढंच आहे की दोर असू दे, पण धरून ठेवणारा असू दे, आवळणारा नको.

याचं सगळ्यांत मोठं उदाहरण मुंबईच्या बंदरात घडलं. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या तलवार या प्रशिक्षण केंद्रातल्या नौसैनिकांनी जेवण नाकारलं. निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या यांनी ठिणगी पडली, आणि पाहता पाहता लोण जहाजांवर पसरलं. संपसमितीचे प्रमुख एम. एस. खान आणि मदन सिंग. एक मुसलमान, एक शीख. डोलकाठ्यांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट यांचे झेंडे एकत्र. बाहेर देशाचे तुकडे पडायची बोलणी चालली होती, तेव्हा हे एका ताटावरून एकत्र उठले. ज्या शिस्तीनं त्यांना हुकूम पाळायला शिकवलं, तिनंच त्यांना एकमेकांशेजारी जेवायला बसवलं होतं, आणि शेजारी जेवलेल्यांनाच एकदम उपाशी राहता येतं. उठाव पाच-सहा दिवसांत शमला. पुढाऱ्यांनी शरण जायचा सल्ला दिला, तो योग्य की अयोग्य हा वाद निराळा. माझ्यापुरतं त्यातून हे निघतं की चांगली शिस्त नाही म्हणायची ताकदही देते. जी देत नाही ती सरकफास.

मी नातीला एवढंच सांगितलं: हुकूम पाळ, मनापासून पाळ, पण हुकूम पाळताना शेजारणीचा चेहरा पाहायचं सोडू नकोस. ज्या हुकुमानं तो चेहरा दिसेनासा होतो, तिथं थांब आणि विचार. नात म्हणाली, बोटीत सगळ्या एकमेकींच्या पाठीकडे तोंड करून बसतात, चेहरा फक्त सुकाणूवालीला दिसतो. तिच्यापुढे माझं काही चालत नाही. पण नंतर वाटलं, नेतृत्व शिकवायचं म्हणतात ते हेच असेल. जिच्या हातात सुकाणू, तिला सगळ्यांचे चेहरे दिसतात, आणि दिसल्यावर पाहिलं नाही असं तिला म्हणता येत नाही.

आता राहिलं ते कलिवर्ज्य. तो निर्बंध मला मोडून टाकायचा नाही. त्याच्याच आधारानं सोडवायचा आहे. कलिवर्ज्यं सांगणाऱ्या वचनांचा शेवट फार महत्त्वाचा आहे. तिथं म्हटलंय की या गोष्टी लोकांच्या रक्षणासाठी थोर माणसांनी विचारपूर्वक बंद केल्या, आणि सज्जनांनी मिळून केलेला संकेतही वेदासारखाच प्रमाण. म्हणजे वेदात चालत असलेलं माणसांनी बंद केलं, आणि तसं करायचा अधिकार शास्त्रानं मान्य केला. जो अधिकार दार लावायला पुरला तो उघडायला का पुरू नये? सज्जनांचा संकेत प्रमाण असेल, तर पुरात भात घेऊन आलेली दोन पोरं आणि तो भात घेणारी माझी बहीण यांनी केलेला संकेतही प्रमाण धरावा लागेल. लोकांचं रक्षण हाच निकष, आणि रक्षण त्या दिवशी त्यांनी केलं.

घरात मात्र सगळ्यांना हे पटलेलं नाही. सौभाग्यवतींचं म्हणणं, तुमचा शास्त्रार्थ तुमच्यापाशी. पोरगी समुद्रावरून आली की सत्यनारायण घालायचा. मी विचारलं, प्रायश्चित्त म्हणून? म्हणाली, "प्रायश्चित्त कसलं, ती सुखरूप आली म्हणून." यावर वाद घालायला जागा नाही. नातीची अट एकच होती, तिच्या बोटीतल्या चौघीजणी आणि सुकाणूवाली येणार. त्यातल्या एकीचं आडनाव ऐकून आजी जरा थबकली. मग तिनं विचारलं, "प्रसादाचा शिरा तिला चालेल ना गो? तूप घरचंच आहे म्हणावं."